आंतरपाटाची बंडी

धान कापायला आलं की आमच्या कुरखेड्यातलं शिवणघर रिकामं होतं. कामाला येणाऱ्या चौघीजणी विळे घेऊन धानाच्या बांधीत उतरतात, मशिनींवर फडकी पडतात आणि आम्ही दोघंच उरतो, मी आणि हमीद मास्तर. मास्तर जुन्या वळणाचे टेलर. उभं आयुष्य त्यांनी नवरदेवांचे सूट शिवले आणि आता रेडिमेडच्या जमान्यात माझ्यासोबत जुनी लुगडी कापत बसतात. आज सकाळी मी दार उघडलं तर रस्त्यावरून भाऱ्यांनी लादलेला ट्रॅक्टर गेला आणि मागं वास सोडून गेला. कापलेल्या धानाचा वास ज्यानं घेतला नाही त्याला तो सांगून कळत नाही. थोडा ओला, थोडा गोड, आणि नाकात कुसं शिरल्यासारखा. तो वास आला की दरवर्षी मला आधी लाज वाटते आणि मग हसू येतं. दोन्हींचं कारण एकच, पाच-सहा वर्षांपूर्वीचा एक हंगाम.

माझं काम एका वाक्यात सांगायचं तर हातमागाच्या जुन्या लुगड्यांच्या नव्या बंड्या. त्याआधी वीस वर्षं मी शाळेचे गणवेश शिवले. निळी चड्डी, पांढरा सदरा, निळी चड्डी, पांढरा सदरा. पोरं वेगवेगळी, पण माझ्या लेखी सगळी बावीस, चोवीस आणि सव्वीस नंबरची. एक दिवस आईच्या पेटीतलं लुगडं फाटलं म्हणून त्याच्या बऱ्या राहिलेल्या भागाची मी स्वतःला बंडी शिवली, ती घालून बाजारात गेले, आणि तीन बायकांनी वाटेत अडवून विचारलं. चौथी बाई म्हणाली, "काय वं मंदा, मायचं लुगडं कापाले तुह्या हातानं धीर कसा देल्ला?" मला तिचंही पटलं आणि त्या तिघींचंही. मग मी गणवेश सोडले.

आमच्या या झाडीच्या मुलखात एके काळी गावोगाव कोष्टी होते. घरात खड्ड्याचा माग होता, आणि त्या मागावरचं जाड सुती लुगडं नेसून बायका रोवणी करत, कापणी करत, मोहफुलं वेचत. ते माग गेले, पण लुगडी राहिली, पेट्यांच्या तळाशी. असं लुगडं जमिनीवर पसरलं की ते नेसणारी बाई कशी होती ते मी सांगू शकते. खांद्यावरचा पट्टा उन्हानं विटलेला असतो. बसण्याच्या जागेचं सूत विरलेलं. पायाकडचा काठ चिखलानं खाल्लेला. डावा खांदा जास्त विटला असेल तर बाई डोईवरचा भारा उजव्या हातानं धरत असणार. आणि ओच्याच्या आतला जो भाग कधी ऊन पाहत नाही, तो मात्र मागावरून आज उतरल्यासारखा गडद. विटलेलं कुठं घ्यायचं, गडद कुठं घ्यायचं, काठ छातीवर आणायचा की पाठीवर, हे ठरवण्यातच माझा दिवस जातो. त्यामुळे दोन बंड्या कधी सारख्या होत नाहीत. नागपूर-पुण्याच्या गिऱ्हाईक बायका फोटो पाहून विचारतात, "अगदी अशीच अजून एक मिळेल का, माझ्या बहिणीसाठी?" मी म्हणते, मिळेल की. आधी एका बाईला साठ वर्षं नेसू द्या.

हे सगळं सांगते आहे ते मला कापडातलं किती कळतं हे दाखवायला. तेव्हाही मी ते असंच सगळ्यांना दाखवत असे.

दिवाळीच्या साफसफाईत पेट्या उघडतात, म्हणून गाठोडी माझ्याकडे याच दिवसांत येतात. माझा रिवाज असा की गाठोडं आणणाऱ्या बाईला बसवायचं, चहा द्यायचा आणि एकेक कापडाची जन्मकथा विचारायची. कोणाचं, कुणी विणलं, कोणत्या लग्नातलं. एक बंडी त्या घरच्यांसाठी शिवून द्यायची, बाकीचं कापड माझं. त्या वर्षी आंबेटोल्याची प्रतिभा आली तेव्हा मात्र चहाही झाला नाही आणि कथाही झाली नाही. प्रतिभा म्हणजे गिरजाबाईंची सून, आणि गिरजाबाई म्हणजे त्या गावातल्या शेवटच्या मागाच्या घरची म्हातारी. प्रतिभानं दारातूनच गाठोडं आत टाकलं. "ताई, हे घ्या. आमच्या बुढीच्या पेटीतलं हाय, साफसफाईत निंगालं. मजूर बांधीवर उभे हायत, मी थांबत नाई." बाहेर तिचा नवरा मोटरसायकल चालूच ठेवून बसला होता. मी म्हटलं, "जा बाई, नंतर फोन करीन." फोन काही केला नाही.

गाठोड्यात दोन फाटकी लुगडी होती आणि एक पांढरा पट्टा. दोन हात रुंद, पाच हात लांब, दोन्हीकडं लाल काठ. काय कापड होतं ते! जाड, पण हाताला लोण्यासारखं लागणारं. काठालगत हळदीचे बोटाएवढे डाग, एका ओळीत. मी म्हटलं, स्वयंपाकघरातला पंचा असणार. पंचाला डाग एका ओळीत कसे पडतील, हे शेंबडं पोरही विचारेल. मी नाही विचारलं. मला त्या डागांची नक्षीच इतकी आवडली होती.

मास्तरांनी मात्र पट्टा खिडकीपाशी नेला, उजेडात धरला, चष्मा कपाळावर चढवला. "बाई, हा कपडा कोणी नेसला नाई, पांघरला नाई."

"कशावरून?"

"मधात पाहा, सूत कुठी घासलं नाई. आन् चुरगळला कुठी हाय? दोन टोकाले. जसा काही दोघायनं दोन बाजूनं धरला."

"दोरीवर चिमटे लावून वाळवला असेल."

"साठ साल पुराना कपडा हाय. तेव्हा कुठी होते चिमटे?"

"मग खिळ्याला अडकवला असेल. मास्तर, तुम्ही सीआयडीत जायला हवं होतं. खडू घ्या आणि आखा."

त्यांनी आखलं. पण कैची उचलून माझ्यासमोर ठेवली. "तुमीच चालवा," एवढंच म्हणाले. मी चालवली.

बंडी झाली ती अशी की मी स्वतःशीच हसले. पुढं गळ्यापासून खालपर्यंत लाल काठाच्या दोन धारा, पाठीवर हळदीच्या डागांची आडवी रांग. त्या हंगामातलं सगळ्यात देखणं काम. फोटो टाकल्यावर तासाभरात नागपूरच्या एका बाईंनी मागितली. मी पार्सल शिवून त्यावर पत्तासुद्धा लिहिला. एसटी स्टँडवर जायचा कंटाळा केला म्हणून ते दोन दिवस तसंच पडून राहिलं. कंटाळ्यानं माझं आयुष्यात फार वेळा नुकसान केलं आहे, त्या वेळी मात्र त्यानं माझी लाज राखली.

कारण तिसऱ्या दिवशी प्रतिभाचा फोन आला. मागं मळणीच्या मशिनीची घरघर, आणि त्यात तिचा रडका आवाज. "ताई, त्या गाठोड्यात एक पांढरा कपडा होता का, लाल काठाचा?"

"होता ना. काऊन?"

"तो आंतरपाट होता वं ताई!"

मी पार्सलाकडं पाहिलं. लग्नात नवरा-नवरीच्या मधे धरतात तो आंतरपाट. गिरजाबाईंच्या सासऱ्यानं आपल्या मागावर तो खास त्यासाठी विणला होता, आणि पुढं साऱ्या मोहल्ल्याच्या लेकी त्याच्यामागं उभ्या राहिल्या. प्रतिभाला ते ओळखू आलं नाही, कारण तिचं लग्न तिच्या माहेरी झालेलं, आणि ती आल्यापासून डेकोरेशनवाले चकचकीत साटीनचा, गणपती छापलेला आंतरपाट सोबत आणू लागले. जुना पेटीतच राहिला. आता मोठ्या नातीचं, वैशूचं लग्न आठवड्यावर आलं होतं, आणि गिरजाबाईंनी सकाळी सुनेला सांगितलं होतं, "पेटीतला आंतरपाट काढून ठेव. माह्या नातीचं लगन त्याच्यातच होईन." प्रतिभा म्हणाली, "मी त्यायले सांगतलं, पेटीची चाबी सापडत नाई. ताई, मी बावीस वर्षं या घरात हाय. आजवर कोनी बोट दाखोलं नाई मले. आता कोनत्या तोंडानं सांगू?"

फोन ठेवल्यावर मी पार्सल उसवलं आणि बंडी टेबलावर पसरली. मास्तर आले. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांना 'बघा, मी म्हटलं नव्हतं?' असं म्हणायचा पूर्ण हक्क होता. ते म्हणाले नाहीत, आणि त्यामुळे मला जास्तच लागलं.

"उसवून जोडता येईल का?"

"उसवतो मी. पण काय होईल? पाच तुकडे होतील. बगलेच्या मुंढ्याचा कपडा गेला, गळ्याचा गेला. जोडून आंतरपाट नाई होत बाई, गोधडी होते."

मग माझ्या डोक्यात पाप आलं, ते लपवून काय करू. माझ्याकडे हातमागाचा एक जुना पांढरा पंचा होता, जवळजवळ तसाच. त्याला लाल काठ लावता आला असता. चहाच्या पाण्यात उकळला असता, हळदीची बोटं ओळीनं उमटवली असती. ऐंशीची म्हातारी, तिला दिसतं किती? मी हे बोलूनसुद्धा दाखवलं. मास्तरांनी टेप गळ्यातून काढला, गुंडाळला, खिशात ठेवला. "बाई, बुढीच्या घरी माग होता. तिले कपडा शिकवाले नोका जाऊ."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही निघालो, माझ्या स्कुटीवर मी पुढं आणि मास्तर मागं, मांडीवर बंडी. नदीच्या पुलावरून पलीकडं गेलं की जंगल लागतं. वाघाचं येणं-जाणं वाढल्यापासून त्या रस्त्यावरून लोक उन्हं कलायच्या आत परततात, पण त्या दिवशी मला वाघाचं भय वाटायला सवडच नव्हती. दोन्ही बाजूंना बांध्या कापून मोकळ्या झालेल्या, कुठं कुठं कापलेल्या धानाच्या कडपा वाळत पडलेल्या, आणि बांधांवर धानाचे पुंजणे रचलेले, गोल, उंच, वरून निमुळते. वर्षभराचं खाणं रचून झालं की माणसाच्या चेहऱ्यावर जी निवांत कळा येते ती तिथं भेटणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडावर होती. एकटी माझ्याच तोंडावर नव्हती. वाटेत ओळखीची बाई भेटली, म्हणाली, "काय ताई, कोनाच्या मयतीले चालल्या का?"

गिरजाबाई खळ्यावर होत्या. एवढीशी बाई. पुंजण्याच्या सावलीत बसून सुपानं धान पाखडत होत्या, आणि कोंबडी जवळ आली की न पाहताच काडी आपटत होत्या. प्रतिभा पलीकडं उभी, पदराचं टोक दातात. मी वाटेत तीन-चार प्रस्तावना तयार केल्या होत्या, हंगाम कसा झाला, तब्येत कशी आहे, वगैरे. त्यातली एकही आठवली नाही. मी म्हटलं, "गिरजाबाई, तुमचा आंतरपाट मी कापला. प्रतिभाची चूक नाही. मी विचारायला हवं होतं, विचारलं नाही." आणि मास्तरांनी बंडी त्यांच्या पुढ्यात ठेवली.

त्यांनी सूप खाली ठेवलं. हात पदराला पुसले. बंडी उचलली आणि आधी उलटी केली. मागाच्या घरचं माणूस कापड पाहायचं तर आतून पाहतं. शिलाईवरून बोट फिरवत विचारलं, "शिलाई कोनाची?"

"माही हाय, बाई," मास्तर म्हणाले.

"बारीक हाय."

मग बंडी सुलटी केली, पाठ वर घेतली, आणि हळदीच्या डागांवर एकेक बोट ठेवत गेल्या. "हे यशोदा. हे कमला. हे शाळेच्या चपराश्याची पोर, तिचा नवरा घोड्यावरून पडला होता मांडवात. हे दोघी जुळ्या, एकाच दिवशी." लग्न लागायच्या आधी आंतरपाटाला हळदीचं एक बोट लावायचं, एका लग्नाचं एक, असा त्यांच्या मोहल्ल्याचा नेम. ज्याला मी नक्षी म्हणत होते तो साऱ्या मोहल्ल्याचा संसार होता. बोट शेवटच्या डागाशी आलं, शिवणीवर थांबलं, पुन्हा मागं गेलं.

"माह्यं कुठी हाय?"

मी वाकून शिवणी पाहू लागले.

"पयलं लगन माह्यं लागलं याच्यात. माहेर याच मोहल्ल्यातलं माह्यं. सासऱ्यानं सोता बोट लावलन, कोपऱ्याले. ते कुठी गेलं?"

गळ्याची, मुंढ्याची कातरणं माझ्या डोळ्यांसमोर आली. शिवणघरातली कातरणं आम्ही उशांत भरतो, आणि त्या उशा कधीच बाजारात गेल्या होत्या. मला वाटलं, आता जमिनीनं पोटात घ्यावं.

मास्तर खाली वाकले. "बाई, उजव्या खिशात हात घाला."

गिरजाबाईंनी खिशात हात घातला आणि खिसा उलटा बाहेर ओढला. आतल्या कापडावर एक बोट होतं, हळदीचं म्हणावं तर तपकिरीच झालेलं. मास्तर म्हणाले, "तो कोपरा पतला झाला होता, बाहेर टिकला नसता. फेकाचं मन नाई झालं. म्हून आतून लावला."

गिरजाबाईंनी त्या डागावर आपलं बोट ठेवलं. मग हसायला लागल्या. दात नव्हते, त्यामुळे सगळं तोंडच हसत होतं. "सगळ्यायचे पाठीवर, आन् माह्यं खिशात! बरं केलं मास्तर. चोरापासून राह्यते."

प्रतिभा मटकन धानाच्या राशीवरच बसली. तिनं दातातला पदर काढला आणि मोठ्यानं श्वास सोडला. मला वाटतं तिनं तो दोन दिवस धरून ठेवला होता. धानावर बसू नये म्हणून एरवी सासू तिला बोलली असती. त्या दिवशी नाही बोलली.

नंतर आम्ही खळ्यावरच चहा प्यालो, आणि गिरजाबाईंनी जे सांगितलं ते मी आजवर विसरले नाही. लग्नाच्या चौथ्या वर्षी त्यांचा नवरा तापानं गेला. मुलगा रांगता होता. "तवापासून हा आंतरपाट माह्या पेटीत. धुवाचा मी. वाळवाचा मी. कडुनिंबाचा पाला घालून ठेवाचा मी. आन् लग्नाच्या दिवशी उंबऱ्यावर सवाशिनीच्या हातात द्याचा आन् मागं सराचं."

"कोणी म्हटलं होतं का तसं?" मी विचारलं.

"कोनी कायले म्हनन? मीच सरकत होतो. बिनकुकवाच्या बाईनं धरलेला आंतरपाट, आन् उद्या त्या पोरीचं काही झालं त? साऱ्या गावाच्या पोरी उजवल्या माह्या पेटीनं, पन मी एकबी लगन पुढून नाई पाह्यलं. पोराचंबी नाई."

त्यांनी बंडी पुन्हा हातात घेतली. उलटली, सुलटली. मग मास्तरांना अगदी कामाचं विचारावं तसं विचारलं, "आता हा आंतरपाट राह्यला का?"

मास्तरांनी विचार केला. "नाई बाई. बंडी झाली."

"मंग बंडी घालाले कोनाची मनाई?"

आणि घातली. मीडियम साइजची बंडी त्या एवढ्याशा अंगावर गुडघ्यापर्यंत आली, खांदे कोपरापाशी लोंबले. मास्तरांच्या कारागीर जिवाला राहवेना. "बगलेत थोडी आत घेऊ का?"

"कैची नोको आता याले," गिरजाबाई म्हणाल्या.

परतताना ऊन उतरलं होतं. मास्तर मागं बसून कुठलं तरी जुनं गाणं गुणगुणत होते, सुरात अजिबात नाही. मी त्यांना गप्प केलं नाही. माझा हात हलका झाला होता, स्कुटी हलकी झाली होती, आणि भाऱ्यांचा ट्रॅक्टर पुढं जाऊ देईना तरी मी हॉर्न वाजवला नाही. मी ज्याच्यासाठी पाया पडायला गेले होते, त्याच्यासाठी मला वर चहा मिळाला होता. पण खरं सांगते, त्यात माझी काही हुशारी नव्हती. चूक ती चूकच. दुसऱ्या कुणाची पेटी असती, दुसरी कुणी म्हातारी असती, तर त्याच बंडीनं एका घरात जन्माची अढी पडली असती. गिरजाबाई होत्या म्हणून मी सुटले, आणि खिसा मास्तरांनी लावला म्हणून. नागपूरच्या बाईंना मी फोन करून सांगितलं की बंडी तिच्या मालकिणीकडे गेली. त्या म्हणाल्या, "मग तशीच दुसरी?" मी नुसतीच हसले.

तेव्हापासून मास्तरांना एक खोड लागली आहे. मी खडू उचलला की ते मान वर न करता विचारतात, "बाई, विचारलं का?" गिऱ्हाइकांसमोरसुद्धा विचारतात. एकदा तर मी बाजारातून आणलेला मांजरपाट कापत होते, तरी विचारलं. मी चिडते, आणि मग फोन लावते. त्या फोनांवर मला काय काय ऐकायला मिळालं आहे! एका लुगड्यात गुंडाळून एक बाई माहेरहून आंब्याची कलमं घेऊन आली होती. एक नेसून दुसरी पहिल्यांदा ग्रामसभेत बोलली होती. दोन लुगडी मी परत पाठवली. त्या घरांना नको होती ती कापायला, फक्त त्यांना आधी ते माहीत नव्हतं.

आणि वैशूचं लग्न. आम्हाला दोघांनाही आवतण होतं, प्रतिभा स्वतः येऊन अक्षता देऊन गेली होती. अंगणातच मांडव, दारात पुंजण्याच्या तणसाचा ढीग, साऱ्या हवेत धानाचा आणि वऱ्हाड्यांच्या अत्तराचा वास. मास्तरांनी आपला जुना कोट घातला होता. वडसाकडचा नवरदेव पाटावर उभा राहिला, वैशूला मामानं आणून समोर उभी केली, आणि लग्न लावणारे महाराज म्हणाले, "आंतरपाट आना." डेकोरेशनवाल्याची माणसं साटीनचा गणपतीवाला आंतरपाट उलगडू लागली.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून गिरजाबाई आल्या. अंगात बंडी, धुवट लुगड्यावर, गुडघ्यापर्यंत. बायका बाजूला झाल्या. त्या सरळ दोन पाटांच्या मधे जाऊन उभ्या राहिल्या.

"ठेवा तो," त्या साटीनवाल्यांना म्हणाल्या. "आंतरपाट माह्या अंगात हाय."

नवरदेवाचे मामा पुढं आले. "महाराज, असं चालते का? आन् आजी त…" पुढचा शब्द त्यांनी गिळला, पण तो सगळ्यांना ऐकू आला. गिरजाबाईंना तर आलाच. त्यांनी खिशात हात घातला आणि तसाच ठेवला. मी प्रतिभाकडं पाहिलं. ती सासूच्या शेजारी येऊन उभी राहिली होती.

महाराजांनी पंचांग मिटलं. तरुण मुलगा होता, वडिलांच्या जागी नुकताच यायला लागलेला. म्हणाला, "दोघायच्या मधात वस्त्र पाह्यजे, एवढंच हाय. वस्त्राच्या आत कोनी असू नाई असं मी कुठी वाचलं नाई." आणि लगेच मंगलाष्टक सुरू केलं, मामांना बोलायला फटच ठेवली नाही.

गिरजाबाई बुटक्या. त्यामुळे आंतरपाट असूनही नवरा-नवरी त्यांच्या डोक्यावरून एकमेकांना सरळ पाहत होते आणि हसू दाबत होते. दोन्हीकडून अक्षता उडत होत्या आणि मधल्या मधे गिरजाबाईंवर पडत होत्या, केसांत, बंडीच्या गळ्यात, यशोदावर, कमलावर, जुळ्या बहिणींवर. त्या हलल्या नाहीत. डोळे उघडे ठेवून त्यांनी ते लग्न पुढून पाहिलं, आधी नवरदेवाचं तोंड, मग नातीचं, मग पुन्हा नवरदेवाचं. 'सावधान' झालं, वाजंत्री सुरू झाली, महाराज म्हणाले, "आजी, सरका आता."

"सरकतो, बापा. घाई काऊन करतं?"

त्यांनी वर हात करून आधी वैशूचा चेहरा धरला, मग नवरदेवाला खाली वाकायला लावून त्याचा. "पाहा आता एकमेकाले," म्हणाल्या, आणि एक पाऊल बाजूला झाल्या.

मी रडत होते आणि मुठीतल्या अक्षता टाकायच्याच विसरले होते. मास्तरांनी कोपरानं ढोसलं तेव्हा टाकल्या. माझा नेम कधीच धड नव्हता. त्या सगळ्या गिरजाबाईंच्या डोक्यावर पडल्या, आणि त्यांनी त्या झटकल्या नाहीत.